मुंबई बेटाचा किनारमार्ग व लुप्त किनारा

१. विषय व साधन

मुंबई बेटाच्या किनाऱ्याविषयीं आजवर पुष्कळ लेखन झालेलें आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं प्रसिद्ध झालें, डॉ. जर्सन द कुन्हा यांचा मुंबईच्या मूळस्थितीवरील ग्रंथ १९०० सालीं निघाला. त्यानंतर एडवर्ड्स यांनीं सिद्ध केलेलें शहर व बेट यांचें गॅझेटियर १९०९-१० च्या सुमारास तीन खंडांत बाहेर पडलें. ह्या ग्रंथांच्या आधारें, कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम ह्या सात बेटांची एक मुंबई कशी झाली, हें आज शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. तथापि हें ज्ञान बहुधा नकाशापुरतें असतें. प्रत्यक्ष भूमीवर उभें राहून, येथें बेट संपत होतें व येथें पाणी सुरू होत होतें, असें पायांखालची जमीन दाखवून सांगणारा मनुष्य विरळा. प्रस्तुत लेखांत तसा एक अल्प प्रयत्न केला आहे. त्याचें साधन अगदीं साधें, म्हणजे सायकल, हें आहे.

हें साधन कां निवडलें तें सांगितलें पाहिजे. मोटारींत बसलेल्या मनुष्यास दहा-पंधरा फुटांचा चढ समजत नाहीं. पायीं चालणारास तो समजतो, पण तीन-चार कोस चालल्यावर पायांची साक्ष विश्वसनीय राहत नाहीं. साध्या सायकलीवरील मनुष्याची गोष्ट वेगळी आहे. डोळ्यांस जी जमीन सपाट दिसते तेथेंहि चढ असल्यास त्याची मांडी भरून येते, व उतार असल्यास पायडलावरील पाय आपोआप मोकळा होतो. आणि मुंबईसारख्या भराव घालून जोडलेल्या बेटांत चढउतार हाच जुन्या किनाऱ्याचा पुरावा आहे. कारण बेटें उंचवट्यांचीं होतीं व त्यांमधील पाणी सखल होतें.

दुसरें साधन स्थलनामांचें. आम्ही परभणी जिल्ह्यांतील झरी गांवचे; समुद्र आम्हांपासून आगगाडीनें एका रात्रीच्या अंतरावर. पण गांवाचें नांवच पाण्याचें आहे. ‘झर’, ‘निर्झर’ ह्या संस्कृत शब्दांच्या कुळांतलाच ‘झरी’ हा शब्द होय. शाळेंत मुलांस शिकवितांना आम्ही सांगत असूं कीं, पाणी आटतें, नांव आटत नाहीं. म्हणून गांवाची चौकशी आधीं नांवाकडे करावी. मुंबईंत हा नियम कितपत लागू पडतो, हें पाहण्याची इच्छा बरेच दिवस मनांत होती. गेल्या पौषांत भायखळ्यास भाच्याच्या घरीं मुक्काम करून, त्याचीच सायकल घेऊन, आम्हीं दोन दिवस पहाटे ही बेटप्रदक्षिणा केली. पहिल्या दिवशीं कुलाब्यापासून पश्चिम किनाऱ्यानें माहीमपर्यंत, व दुसऱ्या दिवशीं माहीम-शीवपासून पूर्व किनाऱ्यानें परत कुलाब्यास, असा मार्ग होता. सायकल हें मुंबईस नवें वाहन नव्हे. १९२३ च्या ऑक्टोबरांत ह्याच शहरांतून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले व त्यांपैकीं तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परतले. त्यांच्यापुढें आमची प्रदक्षिणा ती काय! परंतु लहान प्रदक्षिणेंत थांबण्यास अवकाश अधिक मिळतो.

२. नव्या रस्त्याची मनाई

मुंबईचा किनारमार्ग म्हटला कीं आज लोकांच्या डोळ्यांपुढें ‘कोस्टल रोड’ उभा राहतो. ‘धर्मवीर स्वराज्यरक्षक छत्रपति संभाजी महाराज मुंबई किनारी रस्ता’ असें त्याचें संपूर्ण नांव असून, प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वरळी येथील सागरी सेतूच्या टोंकापर्यंत त्याची लांबी १०.५८ किलोमीटर आहे. त्याचा पहिला भाग मार्च २०२४ मध्यें खुला झाला व सागरी सेतूशीं त्याची दुहेरी जोडणी जानेवारी २०२५ मध्यें पूर्ण झाली. मलबार टेकडीखालून त्याचे जोडबोगदे सुमारें दोन किलोमीटर लांबीचे आहेत, व त्यासाठीं समुद्रांत १११ हेक्टर भराव घातलेला आहे. त्याच्या कडेनें पायीं फिरण्याची वाट १५ ऑगस्ट २०२५ पासून टप्प्याटप्प्यानें खुली होऊं लागली.

ह्या रस्त्याच्या मुख्य मार्गावर सायकलीस मज्जाव आहे. २००९ सालीं खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आणि जानेवारी २०२४ मध्यें खुल्या झालेल्या शिवडी-न्हावाशेवा सेतूवरहि तोच नियम. प्रथम आम्हांस ह्याची थोडी खंत वाटली. पण विचार करतां असें दिसून आलें कीं, इतिहासाच्या जिज्ञासूवर हा उपकारच आहे. नवा मार्ग बंद असल्यामुळें सायकलस्वारास त्याच्या आंतल्या जुन्या मार्गानें जावें लागतें, आणि जुन्या मार्गाच्याहि आंत त्याहून जुना मार्ग आढळतो. सर्वांत बाहेर २०२४ चा भराव, त्याच्या आंत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा, त्याच्या आंत १८६० नंतरचा, त्याच्या आंत अठराव्या शतकाचा बांध, आणि सर्वांत आंत मूळ बेट. समुद्राकडून शहराकडे शंभर-दोनशें पावलें टाकावीं, तों शंभर-दोनशें वर्षें मागें जाणें होतें. जमिनीचे थर वाचणारा जसा खोल खणीत जातो, तसें मुंबईंत आडवें चालत जावें लागतें.

३. कुलाब्यापासून चौपाटीपर्यंत

कुलाब्याचें दक्षिण टोंक लष्कराच्या ताब्यांत असल्यामुळें बेटाच्या अगदीं टोंकापासून आरंभ करतां येत नाहीं. ससून गोदीजवळून आम्ही निघालों. ही गोदी १८७५ ची. तेथें पहाटे मासळीचा लिलाव चाललेला होता. तेथून उत्तरेस येतांना कुलाब्याचा जो सरळ रस्ता लागतो तो १८३८ सालीं पुऱ्या झालेल्या सेतुमार्गाच्या ओळीवर आहे. त्यापूर्वीं कुलाबा व धाकटा कुलाबा हीं वेगळीं बेटें असून भरतीच्या वेळीं तेथें नावेनेंच जावें लागे. आज रस्त्याच्या दोहों बाजूंस दुकानांची इतकी दाटी आहे कीं सेतूची कल्पनाहि येत नाहीं. पण सायकल मात्र तेथें एका पातळीवर, जराहि न चढतां-उतरतां चालते. निसर्गानें बनविलेली जमीन इतकी एकसारखी क्वचितच असते.

पुढें पश्चिमेकडे वळून मरीन ड्राइव्हवर, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस मार्गावर आलों. हा अर्धचंद्राकृति रस्ता इतका स्वाभाविक भासतो कीं, तो खाडीच्या मूळ वळणावरच असावा असें वाटतें. तसें तें नाहीं. मूळ किनारा येथून बराच आंत, पश्चिम रेल्वेच्या मार्गालगत, पूर्वीच्या क्वीन्स रोडच्या म्हणजे आजच्या महर्षि कर्वे मार्गाच्या सुमारास होता. अमेरिकेंतील यादवी युद्धानें (१८६१-६५) तिकडचा कापूस बंद पडला, विलायतेंतील गिरण्यांस हिंदुस्थानच्या कापसाची गरज लागली, आणि वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या मातींतील कापसाचा पैसा मुंबईंत लोटला. त्या पैशावर बॅकबे भरून काढण्याची कंपनी निघाली; तिच्या भागांच्या किंमती अनेक पटींनीं चढल्या. १८६५ सालीं युद्ध संपलें, बाजार कोसळला, आणि कंपनीहि बुडाली. काळ्या मातीच्या मुलखांत वाढलेल्या आमच्यासारख्यास येथें एक विचार सुचल्यावांचून राहिला नाहीं. ज्या शेतकऱ्यांनीं तो कापूस पिकविला त्यांपैकीं किती जणांनीं आपल्या पिकावर भरला जाणारा हा समुद्र पाहिला असेल?

अपुरें राहिलेलें हें काम १९२० नंतर, सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असतांना, सरकारनें पुन्हा हातीं घेतलें. त्यांतील उधळपट्टी खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनीं चव्हाट्यावर आणली. एकंदरींत सुमारें ४४० एकर भूमि समुद्रांतून निघाली. तिच्याच काठानें हा रस्ता १९४० च्या सुमारास पुरा झाला, व त्यालगत नव्या धाटणीच्या इमारतींची रांग उभी राहिली. त्या रांगेसह तेथील इमारतींच्या समूहास २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भरावाच्या योजनेवर ज्यांनीं कडक टीका केली त्यांपैकीं एकाचें नांव पुढें त्याच किनाऱ्यावरील नव्या भरावास, म्हणजे नरीमन पॉइंटास, मिळालें, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

४. वाळकेश्वर

चौपाटी संपतांच मलबार टेकडीचा चढ लागतो, आणि सायकलीवरून उतरावें लागतें. कुलाब्यापासून इतका वेळ एकदांहि उतरावें लागलें नव्हतें. बेट येथें सुरू होतें ह्याची ही पायांनीं दिलेली साक्ष. टेकडीच्या पश्चिम टोंकास राज्यपालांचें निवासस्थान असल्यानें तेथेंहि किनारा बंदच आहे. परंतु त्याच्या अलीकडे बाणगंगेचें तळें आहे. ‘वाळकेश्वर’ हें ‘वालुकेश्वर’ ह्याचें रूप असून, रामानें वाळूचें लिंग केलें अशी त्याची कथा आहे. हें स्थान शिलाहारांच्या काळापासूनचें समजतात. आजचें देवालय व तळें यांचा जीर्णोद्धार रामा कामती नामक व्यापाऱ्यानें १७१५ च्या सुमारास केला.

तळ्यास आंतून झरा असून त्याचें पाणी गोडें आहे. खारा समुद्र तेथून हांकेच्या अंतरावर आहे. झरी गांवच्या मनुष्यास येथें घटकाभर बसावेंसें वाटलें, हें वाचक समजून घेतील. पण ह्यांत ऐतिहासिक मुद्दाहि आहे. बेटावर वस्ती कोठें होईल हें समुद्र ठरवीत नाहीं, गोडें पाणी ठरवितें. मुंबईंतील प्राचीन स्थानें, वाळकेश्वर काय किंवा माहीम काय, समुद्राच्या शोभेसाठीं वसलेलीं नाहींत. किनाऱ्यावर शोभेसाठीं राहणें ही कल्पना बरीच अलीकडची आहे.

५. वरळीचें खिंडार व हॉर्नबीचा बांध

टेकडी उतरून आम्ही महालक्ष्मीखालीं आलों. येथून वरळीच्या टेकडीपर्यंतचा सरळ रस्ता, आजचा लाला लजपतराय मार्ग, हा मुंबईच्या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाचा बांध होय. मुंबई बेट व वरळी बेट यांमधील खिंडारांतून भरतीचें पाणी आंत शिरे व बेटांमधील सखल भाग बुडवून टाकी. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असतांना तें खिंडार १७८४ च्या सुमारास बंद झालें. ‘वेलार्ड’ हें त्या बांधाचें नांव कुंपण अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलें असें मानतात.

ह्या बांधासंबंधीं दोन कथा प्रसिद्ध आहेत. पहिली अशी कीं, कंपनीच्या संचालकांची परवानगी नसतां हॉर्नबीनें काम चालविलें, व त्याच्या बडतर्फीचा हुकूम आला तो त्यानेंच फोडून खिशांत ठेवला. कथा रंगतदार आहे खरी. परंतु हॉर्नबी १७७१ पासून १७८४ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षें, गव्हर्नर होता. त्याच्या कारकीर्दीचा शेवट व बांधाचा शेवट हे एकाच सुमारास आले, म्हणून एकाचें कारण दुसरें अशी समजूत होणें सोपें आहे. केवळ दोन सालें जवळ आलीं एवढ्यावरून कार्यकारणभाव धरणें ही इतिहासांतील जुनी चूक होय.

दुसरी कथा अशी कीं, बांध वारंवार ढासळत असतां रामजी शिवजी नामक पाठारे प्रभु गृहस्थास देवीचा दृष्टांत झाला. त्याप्रमाणें पाण्यांतून मूर्ति काढल्यावर बांध टिकला, व तिची महालक्ष्मी म्हणून स्थापना झाली. आजचें देवालय धाकजी दादाजी यांनीं १८३१ सालीं बांधविलें, म्हणजे बांधानंतर जवळजवळ अर्ध्या शतकानें. तेव्हां ही कथा समकालीन पुरावा म्हणून घेतां येत नाहीं. पण दंतकथा टाकून देण्यापूर्वीं तींत काय गृहीत धरलें आहे तें पाहावें. समुद्राला धनी आहे, व त्याच्या संमतीवांचून त्याची जागा घेतां येत नाहीं, हें ह्या कथेंत गृहीत धरलेलें आहे. ही समजूत पुढें उपयोगीं पडणार आहे.

बांधाच्या मध्यावर आलों तेव्हां ओहोटी होती. समुद्रांतील खडकावर हाजी अली यांचा दर्गा आहे, व त्याकडे जाणारी वाट उघडी पडली होती. भरती येतांच ती वाट पाण्याखालीं जाते. मुंबईच्या सात बेटांची स्थिति पूर्वीं कशी होती हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें येथें सहा तास बसावें. बेटांची संख्या नकाशावर स्थिर असते. पण ज्या बेटांमध्यें उथळ चिखल आहे तीं दिवसांतून दोनदां जोडलीं व दोनदां तुटलीं जात असलीं पाहिजेत.

६. वरळी कोळीवाडा

वरळीच्या उत्तर टोंकास इंग्रजांनीं सतराव्या शतकांत बांधलेला लहान किल्ला असून त्याच्या पायथ्याशीं कोळीवाडा आहे. येथवर आम्ही ज्या मार्गानें आलों त्याची प्रत्येक पायरी कागदांत सांपडते. भराव कोणीं घातला, खर्च किती झाला, कोणत्या गव्हर्नरानें मंजुरी दिली, हें सर्व दप्तरांत आहे. कोळीवाड्यांत मात्र दप्तर नाहीं.

कोस्टल रोड जेथें सागरी सेतूस जोडला जातो तेथूनच येथील होड्यांची समुद्रांत जाण्याची वाट आहे. पुलाच्या दोन खांबांमधील अंतर मूळ आराखड्यांत ६० मीटर होतें. तें अपुरें आहे म्हणून कोळ्यांनीं काम अडविलें. शेवटीं डिसेंबर २०२२ मध्यें तें १२० मीटर करण्याचें सरकारनें मान्य केलें. तत्पूर्वीं जुलै २०१९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ह्या रस्त्याची किनारा-नियमनाखालील मंजुरी रद्द ठरविली होती, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्या निर्णयास स्थगिति देऊन काम चालूं ठेवूं दिलें होतें. रस्त्यामुळें शहरास सोय झाली हें नाकारण्याचें कारण नाहीं. भाच्यासारखे नोकरदार लोक अर्ध्या वेळांत कामावर पोंचतात. प्रश्न मोजमापाचा आहे.

धक्क्यावर जाळें विणीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्यास आम्हीं विचारलें कीं, होडी दहा-बारा फूट रुंद, मग साठ मीटर कां पुरूं नयेत? ते हंसून म्हणाले, “गुरुजी, कागदावर होडी सरळ जाते. पावसाळ्याच्या तोंडाला वारा बाजूनं लागला की ती आडवी होते, आणि मागनं दुसरी येतच असते. तुम्ही सायकल गर्दीत चालवता ना? मग हात दोन्हीकडं किती लागतो ते बघा.” ह्या उत्तरांतील युक्तिवाद आम्हांस निर्दोष वाटला.

नंतर त्यांनीं समोरच्या पाण्याकडे बोट करून खडकांचीं, उथळ जागांचीं व वाटांचीं नांवें सांगितलीं. कोणत्या खडकावर कालवें मिळत, कोणत्या बाजूनें ओहोटींत होडी घालूं नये, हें प्रत्येक नांवाबरोबर आलें. त्यांपैकीं दोन जागा दाखवितांना त्यांचें बोट भरावाकडे वळलें. त्या आतां रस्त्याखालीं आहेत. तीं नांवें आम्हीं टिपून घेतलीं आहेत, परंतु एका सकाळीं एकाच मनुष्याच्या तोंडून ऐकलेलीं नांवें दुसऱ्या साक्षीवांचून छापणें योग्य नव्हे, म्हणून येथें देत नाहीं. “नातवाला ही ठावीक आहेत का?” असें विचारतां त्यांनीं मान हलविली. “तो तिकडं जातच नाही, तर नांव कशाला लागतंय?”

७. माहीम, शीव व पूर्व किनारा

माहीम हें बिंबाच्या परंपरेनें राजधानीचें स्थान. राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’मुळें तें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस परिचित आहेच. येथील खाडीवरील सेतुमार्ग १८४५ सालीं खुला झाला. त्यासाठीं लेडी अवाबाई जमशेटजी यांनीं एक लक्ष सत्तावन्न हजार रुपये दिले. त्याच्या पूर्वेस शीवचा सेतुमार्ग डंकन गव्हर्नर असतांना १७९८ पासून १८०५ पर्यंतच्या काळांत झाला.

ह्या दोन सालांकडे मराठी इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. १७३७ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून साष्टी घेतली. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली. धारावीच्या काळ्या किल्ल्यावरील शिलालेखांत, तो किल्ला गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेनें १७३७ सालीं बांधला, असें म्हटलें आहे. म्हणजे ज्या वर्षीं मराठे खाडीपलीकडे आले त्याच वर्षींचा तो आहे. पुढें १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं साष्टी घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांजकडे राहिली. त्यानंतर सोळा वर्षांनीं शीवच्या सेतूचें काम सुरू झालें. जोंवर साष्टी मराठ्यांची, तोंवर खाडी हा इंग्रजांचा खंदक होता व त्यावर सेतु नको होता. साष्टी इंग्रजांची होतांच तीच खाडी अडचण ठरली. भराव व सेतु यांचा इतिहास केवळ स्थापत्याचा नव्हे. पलीकडे कोण आहे, ह्यावर तो अवलंबून असतो.

शीवहून दक्षिणेस वळलें कीं प्रदक्षिणेची शोभा संपते. शिवडीस हिवाळ्यांत चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. १६८० सालचा लहान किल्ला उंचावर आहे, व तेथून समुद्र दिसतो. त्यापुढें मैलोगणती समुद्र दिसत नाहीं. गोद्यांच्या भिंती दिसतात. १८७३ सालीं पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस गोदी १८८०, व्हिक्टोरिया गोदी १८८८, अलेक्झांड्रा म्हणजे आजची इंदिरा गोदी १९१४, अशा क्रमानें पूर्वेचा सर्व किनारा व्यापाराच्या भिंतीआड गेला. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ ह्या दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हां त्या भिंतीमागें काय आहे हें शहरास समजलें. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटासहि एकेकाळीं असाच धक्क्यांचा विळखा होता. तेथील गोद्यांचें काम इतरत्र गेल्यावर तो किनारा हळूहळू मोकळा झाला, व आज बेटाभोंवतीं सुमारें बत्तीस मैलांचा सायकलमार्ग आहे. मुंबईची प्रदक्षिणा मात्र अर्धीच किनाऱ्यावरून होते. पश्चिमेचा किनारा पाहण्यासाठीं बांधला गेला, पूर्वेचा कमाविण्यासाठीं.

८. माझगांव व पायधुणी

माझगांवास पुन्हा चढ लागला, म्हणजे पुन्हा बेट लागलें. ह्या नांवाची व्युत्पत्ति ‘मत्स्यग्राम’ अशी सांगण्याचा प्रघात आहे, व कोळ्यांची वस्ती पाहतां ती मोहक आहे. आम्हीहि पूर्वीं वर्गांत तीच सांगत असूं. परंतु ‘मत्स्य’ ह्याचें मराठी रूप ‘मासा’ होतें. त्यापासून ‘मासगांव’ व्हावें, ‘माझगांव’ नव्हे. उलट ‘मध्य’ ह्याचें प्राकृतांत ‘मज्झ’ होतें, व ‘मध्यगृह’ ह्याचें मराठींत ‘माजघर’ झालेलें आहे. तेव्हां ‘मध्यग्राम’ हीच व्युत्पत्ति ध्वनिनियमांस धरून आहे. संस्कृत जाणणारानें नांव पाहतांच संस्कृत अर्थ चिकटवूं नये. मधली प्राकृताची पायरी तपासावी. ही सूचना आम्ही प्रथम स्वतःसच करतों.

माझगांव व डोंगरी यांच्याजवळ उमरखाडी आहे, व तिच्याजवळ पायधुणी. ‘उमर’ म्हणजे उंबर. खाडी तर उघडच आहे. आज तेथें वाहतुकीच्या गर्दींत पाण्याचा थेंब दिसत नाहीं. पण डोंगरीकडून सायकल उतरत येते व पायधुणीस येऊन सपाट होते. तेथपर्यंत वरळीच्या खिंडारांतून भरतीचें पाणी येत असे. ‘पायधुणी’ ह्या नांवांत आणखी एक बारकावा आहे. पाय धुवावयाचे म्हणजे पाय चिखलाचे झालेले पाहिजेत. आणि पाय चिखलाचे झाले म्हणजे मनुष्य चालत आला पाहिजे. नावेनें येणारास पाय धुण्याचें कारण नाहीं. म्हणजे मुंबई व वरळी यांमधील पाणी सर्वकाळ खोल नव्हतें, ओहोटीस लोक त्यांतून चालत येत, एवढा इतिहास त्या एका शब्दांत राहिला आहे. हॉर्नबीच्या बांधानंतर पाणी गेलें, एकोणिसाव्या शतकांत सखल जमीन हळूहळू भरून निघाली, तरी नांव तेथेंच आहे.

९. निष्कर्ष

एकंदर विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली: आजचा किनारमार्ग बऱ्याच ठिकाणीं मुंबईच्या किनाऱ्यावरून जात नाहीं, तो पूर्वीच्या समुद्रावरून जातो. मूळ किनारा आंत असून चढउतार व स्थलनामें यांवरून तो अजूनहि शोधतां येतो.

दुसरी: भरावाचा क्रम हा सत्ता व व्यापार यांच्या क्रमास अनुसरून आहे. साष्टी, कापूस व गोद्या यांचीं सालें भरावांच्या सालांशेजारीं ठेवून वाचलीं पाहिजेत.

तिसरी, व आमच्या मतें सर्वांत निकडीची: अठराव्या शतकांत जें पाणी गेलें त्याचीं नांवें शिल्लक राहिलीं, कारण त्या जागेवर वस्ती झाली व लोकांनीं जुनें नांव उचललें. पायधुणीस लोक राहूं लागले म्हणून ‘पायधुणी’ राहिलें. कोस्टल रोडच्या भरावावर वस्ती नाहीं, व तेथें थांबण्याचेंहि कारण नाहीं. त्याखालीं गेलेल्या खडकांचीं व वाटांचीं नांवें उचलणारा कोणी नाहीं. म्हणून ‘पाणी आटतें, नांव आटत नाहीं’ हा आमचा वर्गांतील नियम येथें दुरुस्त करावा लागतो. नांव उच्चारणारा मनुष्य जोंवर तेथें जातो तोंवरच तें टिकतें.

ह्यास्तव मंडळास आमची अशी विनंति आहे कीं, कुलाबा, वरळी, माहीम, शिवडी इत्यादि कोळीवाड्यांतील वृद्धांकडून समुद्रांतील जागांचीं नांवें, त्यांच्या खुणा व उपयोग यांसह, निदान दोन-दोन साक्षींनीं टिपून नकाशावर मांडण्याचें काम हातीं घ्यावें. बखरी व सनदा शोधण्यासाठीं आमच्या आधींच्या पिढ्यांनीं गांवोगांव वाडे पालथे घातले; येथें तर दप्तर माणसांच्या मुखांत आहे, व तें उघडण्यास धक्क्यावर जाऊन बसणें एवढेंच लागतें. ह्या कामासाठीं आमची वही व, भाच्यानें दिल्यास, सायकल मंडळाच्या स्वाधीन आहे. पुढच्या पौषांत आम्ही पुन्हा वरळीस जाणार आहों. त्या वेळीं टिपलेलीं नांवें दुसऱ्या साक्षीनें पडताळून पाहतां यावीं, एवढीच इच्छा आहे.